रक्तात खोट नव्हती

ताई, मी आधी जाणार असं आपल्या दोघींचं ठरलेलं होतं. उघड कधी बोललो नाही, पण ठरलेलं होतं. फुप्फुसाचा कॅन्सर मला झालेला. तुम्ही सत्तरीला टेकलेल्या, पण गुडघे सोडले तर धडधाकट. ठाण्याच्या त्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॅबमध्ये रोज वेळेआधी हजर असायच्या. मी गेल्यावर माझ्या आयला कोण समजावणार, हे काम मी मनातल्या मनात तुमच्याकडे सोपवून मोकळी झालेले. आणि मागच्या आठवड्यात तुमच्या लॅबमधल्या पल्लवीचा सकाळीच फोन आला. डोंबिवलीच्या घरी तुम्ही चहा ठेवायला उठलात आणि ओट्यापाशीच कोसळलात. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलेलं.

आय भाजी निवडत होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "डाक्तरीन? ती कशी मरंल? ती कं आजारी होती?" मग तिने परात बाजूला सरकवली आणि पदर तोंडाला लावला. आमच्या कोलशेतच्या घरात दोन वर्षं सगळे माझ्या मरणाची मनातून तयारी करतायत, मला ते कळतं. त्या घरात त्या दिवशी दुसऱ्याच कोणासाठी रडणं झालं.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. शिक्षण, परदेशातली वर्षं, कर्करोगाच्या पेशींवरचं संशोधन. ते सगळं खरंच असणार. मी कळव्याच्या शाळेत मराठी शिकवते, मला त्यातलं फारसं कळत नाही. मला तुम्ही कळायला लागलात त्या वॉर्डमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीपासून.

त्याआधीचे सहा महिने मी टीबीच्या गोळ्या घेत होते. खोकला लांबला आणि एक्स-रेमध्ये डाग दिसला की टीबी, हे आमच्याकडे लोकांच्याच नाही, डॉक्टरांच्याही तोंडात बसलेलं. मी गोळ्या इमानाने घेतल्या. लघवी लाल व्हायची, तोंडाची चव गेलेली. शाळेचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबून नोटीस बोर्ड वाचल्यासारखं करायची. मग छातीत पाणी झालं. ते काढलं, तपासलं आणि कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. मी आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावला नव्हता. दादा, माझा मोठा भाऊ, डॉक्टरांना तीन-तीनदा तेच सांगत होता, जणू काही ते पटलं तर डॉक्टर रिपोर्ट मागे घेतील.

सोमवारपासून केमो सुरू करू असं बोलणं चाललेलं. त्या दुपारी तुम्ही वॉर्डात आलात. सुती साडी आणि पायात पांढरे स्पोर्ट्‌स शूज. मला वाटलं, कुठल्या तरी संस्थेच्या बाई असतील, फळं वाटायला आल्यात.

"मंदा तुम्हीच ना? मी सुलभा. खाली लॅबमध्ये असते. तुमच्या गाठीचा तुकडा आमच्याकडे आला तो फार लहान होता. मला त्यात जे बघायचंय ते दिसलं नाही. रक्तातून बघून झालं, तिथेही काही सापडलं नाही. पुन्हा सुई घालावी लागेल."

दादा उभा राहिला. "मॅडम, सहा महिने टीबी टीबी करत घालवले. आता परत थांबायचं?"

"हो. आठ-दहा दिवस."

"आणि काय नाय सापडलं तर?"

"तर हेच औषध, आठ-दहा दिवस उशिरा. त्यात काही नुकसान होणारच नाही असं मी म्हणणार नाही. यांच्या डॉक्टरांशी बोलूनच आलेय. त्यांच्या मते तेवढं थांबता येईल. ठरवायचं मात्र तुम्ही."

दादाचा आवाज चढला. शेजारच्या पलंगावरचे लोक बघायला लागले. तुम्ही त्याला थांबवलं नाही. त्याचं बोलून होईपर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहिलात, आणि मग माझ्याकडे बघितलंत. मी विचारलं, "तुम्ही स्वतः कशाला आलात? सिस्टरकडे निरोप द्यायचा."

"निरोप दिला की लोक घरी निघून जातात," तुम्ही म्हणालात.

त्याचा अर्थ मला पुष्कळ नंतर कळला. त्या दिवशी मी थांबायला तयार झाले त्याचं कारण वेगळंच होतं. सहा महिन्यांत प्रत्येकाने मला खात्रीने काही ना काही सांगितलं होतं. तुम्हीच पहिल्या, ज्यांनी "मला अजून माहीत नाही" असं म्हटलं. मला वाटलं, हिला जेव्हा माहीत होईल तेव्हा ते खरं असेल.

दादा घरी जाऊन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पुन्हा सुई घातली. रिपोर्ट घेऊन तुम्ही स्वतःच वर आलात. यावेळी दादाने खुर्ची पुढे केली, पण चेहरा तसाच घट्ट. तुम्ही सांगितलंत की माझ्या गाठीतल्या पेशींमध्ये एका जनुकात बदल सापडलाय. पेशीला वाढायला सांगणारं ते जनुक. एरवी ते बटणासारखं चालू-बंद होतं, माझ्या गाठीत ते चालूच राहिलेलं. त्याला बंद करणारी गोळी आहे.

"गोळी?" दादा म्हणाला. "म्हणजे घरी बसून घ्यायची?"

"रोज एक. पण ऐका, ही गाठ मुळापासून जाईल असं नाही. आवरून धरेल. बऱ्याच जणांना बरीच वर्षं धरते, काहींना कमी. एक दिवस गोळी थकते. तेव्हा पुन्हा सुई, पुन्हा बघायचं."

दादा वॉर्डाबाहेर गेला. तो जिन्यात रडत होता हे मला सायलीने, माझ्या मुलीने, नंतर सांगितलं.

महिनाभरात खोकला गेला. चेहऱ्यावर इतक्या पुटकुळ्या आल्या की आठवीच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, बाई, तुम्हालापण पिंपल्स? मी तिला म्हटलं, हो गं, आत्ता कुठे वयात येतेय. नखांच्या कडा चिरायच्या, पोट बिघडायचं. पण एके दिवशी जिना चढून वर आले, हजेरी घ्यायला लागले आणि लक्षात आलं की मधल्या वळणावर आपण थांबलोच नाही. तुम्हाला ते सांगायला मी शाळा सुटल्यावर सरळ तुमच्या तळघरात आलेले. तुमच्या हातात कसली तरी काचपट्टी होती. तुम्ही "अरे वा" म्हणालात आणि डोळे परत भिंगाला लावलेत. मी बाहेरच्या बाकावर बसून हसत होते.

तेव्हापासून दर महिन्याला डॉक्टरांकडून निघाले की मी तुमच्याकडे यायची. तुम्ही चहा द्यायचात. ताई, तो चहा फार वाईट असायचा. यंत्राचं गरम पाणी आणि त्यात पिशवी. आता सांगायला हरकत नाही.

पण आपल्या भांडणाआधी आयची गोष्ट.

मी बरी होत चाललेले आणि आय वाळत चाललेली. जेवायची नाही, देवळात जायची नाही. मी तुमच्याकडे सहज बोलून गेले तर तुम्ही पुढच्याच रविवारी कोलशेतला आलात. आमचं जुनं घर पाडून तिथे इमारत झालीय, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आय मात्र अजून फरशीवरच बसते. तुम्ही ते गुडघे घेऊन तिच्यासमोर खाली बसलात.

आयने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. "डाक्तरीन, खरा सांग. ह्ये माझे दुधानशी गेला कं तिला? माझी आय पन छातीनंच गेलती."

तेव्हा मला कळलं की ती काय घेऊन बसली होती. इतके महिने एका घरात राहून मला ते दिसलं नव्हतं.

तुम्ही तिचा हात धरला नाहीत की खांद्यावर थोपटलं नाहीत. नीट समजावून सांगितलंत, जसं पल्लवीला सांगत असाल तसं, फक्त सोप्या शब्दांत. "नाही. मंदा जन्मली तेव्हा ही चूक नव्हती. तिच्या छातीतल्या एका पेशीत ती नंतर झाली, मोठेपणी कधीतरी. त्या एका पेशीपासून गाठ झाली. चूक त्या गाठीत आहे, बाकी अंगात नाही. तुमच्याकडून तिला आली नाही आणि तिच्याकडून सायलीला जाणार नाही."

"तुना कसा ठाव?"

"मी तिची गाठ बघितली आणि गाठीबाहेरच्या पेशीही बघितल्या. बाहेर नाहीये ती."

"सोताचे डोल्यांनी?"

"स्वतःच्या."

बाहेर कोणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजत होता, तो वाजून थांबला. मग आयने विचारलं, "जेवलीस कं?"

तांदळाची भाकरी आणि जवळा होता. मला संकोच वाटला, तुमच्या घरी शाकाहारी स्वयंपाक असतो हे मला ठाऊक होतं. तुम्ही दोन भाकऱ्या खाल्ल्यात. "अमेरिकेत राहून आलेय, मला काही वर्ज्य नाही. फक्त माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला सांगू नका," म्हणालात. आय त्या दिवशी तुमच्याबरोबर जेवली. तुमच्या सगळ्या संशोधनात हे कुठे मोजलं जाणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आता आपलं भांडण.

त्या महिन्यातच तुम्ही मला विचारलंत, तुम्ही मूळच्या इथल्याच का, आईचं माहेर कुठलं, गावात सगळे एकाच समाजाचे का. मी चहाचा कप खाली ठेवला. इथे खाडीकाठी आमची मिठागरं होती, शेती होती. त्यानंतर कारखाने आले, मग टॉवर आले. प्रत्येक वेळी नवीन आलेल्या माणसाने आम्हाला पहिला प्रश्न हाच विचारला, तुम्ही कोण. मी म्हटलं, "ताई, सरळ जात विचारताय असं म्हणा."

"जातच विचारतेय," तुम्ही म्हणालात. "आवडत नाहीये मला. पण विचारतेय."

मग तुम्ही तुमच्या परदेशातल्या लॅबबद्दल सांगितलंत. तिथे काळ्या लोकांमध्ये हा आजार जास्त घात करतो, कमी सिगारेटी ओढूनही होतो, आणि त्यातून ते गोऱ्यांपेक्षा लवकर जातात. सगळे त्याचं कारण त्यांच्या जनुकांत शोधत होते. तुम्हीही. तुमच्या हाताखाली त्यांच्या गाठींचे नमुने होते, शीतपेटीत ठेवलेले. त्यात एक बसचालक होता. त्याच्या गाठीचा तुकडा लहान आलेला. रिपोर्टवर शेरा पडला, नमुना अपुरा. तो कागद त्याच्या फाइलला लागला, त्याला नेहमीचं औषध सुरू झालं, आणि दुसरा तुकडा कोणी मागितलाच नाही. पुढे संशोधनासाठी म्हणून त्याच्या आधीच्या ऑपरेशनचा एक उरलेला तुकडा तुमच्या हाती आला. त्यात माझ्यासारखाच बदल होता. गोळी तेव्हा बाजारात होती. माणूस नव्हता.

"मी त्याच्या बायकोला भेटले," तुम्ही म्हणालात. "भेटायची गरज नव्हती, नियमातही बसत नव्हतं. ती म्हणाली, मला वाटलं आमच्या लोकांना हे असंच होतं. तिला तसं कोणी सांगितलं होतं माहितेय? आम्हीच. आमच्यासारख्यांनी लिहून लिहून."

तुम्ही त्यानंतर जुने नमुने काढून बसलात. तुमच्या टेबलावर जे आलं त्यात तुम्हाला दिसलं ते असं की गाठींमध्ये फरक होते, पण थोडे. तपासणी कोणाची झाली आणि कोणाची राहिली, यात फरक मोठा होता.

"मग तो जातीचा रकानाच काढून टाका ना," मी म्हटलं.

"काढला तर कोणाची तपासणी होत नाहीये हे कळायचं बंद होतं. ठेवला तर लोक म्हणतात, दोष यांच्या रक्तातच आहे. मंदा, मी इतकी वर्षं या दोन्हींच्या मध्ये उभी आहे. मला उत्तर सापडलेलं नाही."

मला तेव्हा "निरोप दिला की लोक घरी निघून जातात" याचा अर्थ लागला, नुसता कागद पाठवला की माणूस हातातून सुटतो. माझ्या पलंगापाशी तुम्ही स्वतः का आलात ते कळलं. मी न पाहिलेल्या त्या बसचालकाची मी ऋणी आहे, ताई. त्याच्या बायकोचीही. तुमच्या पायांना तळघरातून वर यायला त्यांनी शिकवलं.

तरी भांडण मिटलं नाही. कारण माझं म्हणणं दुसरंच होतं. आमच्या आळीत माझ्याआधी दोन बायका अशाच खोकून गेल्या. दोघींनी कधी विडी ओढली नव्हती. लहानपणी आम्ही सकाळी दार उघडलं की कारखान्याचा वास घरात यायचा, कधी सडक्या अंड्याचा, कधी रंगाचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक पूड बसायची. घरात चूल. मी म्हटलं, "तुम्ही जनुकं बघा. धूर कोण बघणार? ती चूक त्या पेशीत आपोआप झाली का?"

"असेल धुराने. नसेलही. असा बदल धूर न खाल्लेल्या बायकांतही सापडतो. मी जे मोजलं नाही ते मी बोलणार नाही."

"तुम्ही बोलला नाहीत तर कोणीच बोलणार नाही."

"आणि मी पुराव्याशिवाय बोलले तर उद्या माझं खरं बोलणंही कोणी ऐकणार नाही."

मी रागाने उठून गेले. पुढच्या महिन्यात परत आले, तुम्ही तोच वाईट चहा दिलात, आणि आपण तिथूनच पुढे भांडायला लागलो. असं किती वेळा. सायली म्हणायची, तू तपासणीला जातेस की वादाला? खरं सांगायचं तर, आजारी पडल्यापासून माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलायचे. तुम्ही एकट्याच माझ्याशी भांडायचात.

मग तुम्ही ते काम काढलंत. ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली इथल्या रुग्णांच्या गाठी गोळा करायच्या, आधीच काढलेल्या तुकड्यांतून, जास्तीची सुई कोणाला नाही. आणि तुलनेला चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसांचं थोडं रक्त. तुम्ही म्हणालात, तुझ्या गावात तू बोल, माझं इंग्रजाळलेलं मराठी कोणाला कळणार नाही.

गावदेवीच्या देवळाच्या हॉलमध्ये बायका जमल्या. मी बोलले, तुम्ही बोललात. पहिला प्रश्न शेजारच्या नंदाकाकूने विचारला. "आमचे रगतान खोट हाय, म्हनून आमचाच रगत पायजे कं?"

मागे बसलेल्या एका सुनेने तिच्या पोरीला मांडीत ओढून घेतलं.

तुम्ही म्हणालात, "तुमचंच नको. कल्याणचं पाहिजे, डोंबिवलीचं पाहिजे, माझंही आहे त्यात, सगळ्यात आधी दिलंय. या आजाराची औषधं झाली ती बहुतेक गोऱ्या लोकांच्या गाठी बघून, नाहीतर जपान-चीनकडच्या. आपल्याकडच्या बायका त्यात फार थोड्या. जिला कोणी मोजलंच नाही तिच्यासाठी औषध शोधायला कोणी बसत नाही."

"पन लिवनार तर आमचा नाव ना? उद्या पोरींची लग्नं मोरली तर?"

मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते, तुम्ही खोटं काही बोलता का ते. तुम्ही म्हणालात, "याचा मी विचार केला नव्हता. मला वेळ द्या."

तुम्हाला स्टेशनला सोडायला जाताना रिक्षात मी सांगितलं की गावाचं आणि समाजाचं नाव छापून येणार असेल तर मी यातून बाहेर. तुम्ही वाद घातलात. म्हणालात, नाव गेलं की अर्धी माहिती गेली. घोडबंदर रोड तुंबलेला, आपण दोघी घामाने भिजलेल्या. मी म्हटलं, "ताई, त्या बसचालकाच्या बायकोला आधी विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती?"

माजिवड्याला तुम्ही पिशवीतून वही काढलीत आणि तो प्रश्न लिहून घेतलात.

पंधरवड्याने तुम्ही पुन्हा गावात आलात आणि त्याच हॉलमध्ये उभं राहून सांगितलंत की समाजाचं नाव लॅबच्या बाहेर जाणार नाही. लेखात गाव नसेल, फक्त खाडीकाठचा भाग एवढंच. आणि जे काही सापडेल ते छापायच्या आधी इथे येऊन सांगितलं जाईल, पसंत नसेल तर तसं म्हणता येईल. नंदाकाकूने सगळ्यांत आधी हात पुढे केला. इतक्या शिकलेल्या बाईने आपलं म्हणणं बदललेलं आमच्या बायकांनी कधी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

धुराचं भांडण मात्र तसंच राहिलं. शेवटच्या भेटीत तुम्ही सांगितलंत, हवा मोजणारा एक माणूस बघतेय, तुझ्या कारखान्यांचं एकदा बघूनच टाकू. "तुझ्या कारखान्यांचं" असं म्हणालात, जसे काही ते माझ्या मालकीचे. मी हसले. मला वाटलं, पुढच्या महिन्यात विचारू कोण माणूस ते.

आणि आभार. तेही राहिले. तीन-चार वेळा मी सुरुवात केलेली. तुम्ही लगेच म्हणायचात, आभार त्या गोळीचे मान. किंवा घड्याळ बघायचात. एकदा तर म्हणालात, "मंदा, तू मला शाळेतल्या निरोप समारंभासारखं काही ऐकवणार असशील तर मी आत्ताच घरी जाते." आता तुम्हाला उठून जाता येत नाही, म्हणून सांगते. तुमच्यामुळे मला सायलीची पदवी बघायला मिळाली. आयच्या मनातून ते ओझं उतरलं. दादा, जो माणूस डॉक्टर म्हटलं की शिव्या द्यायचा, तो आता गावात कोणी खोकलं की स्वतः गाडीत घालून तपासायला नेतो, आणि वर विचारतो, तुकडा पुरेसा घेतला ना? हे सगळं मी दोन वर्षांत पाहिलं. त्या दोन वर्षांतला एकही महिना मला आधी दिसत नव्हता.

परवा डोंबिवलीला तुमच्या घरी जाऊन आले. आयही आली, हट्टाने. श्रीकांतकाका खुर्चीत बसले होते, माणसं येत होती, जात होती. काकांनी आयला नमस्कार केला आणि म्हणाले, "सुलभा तुमच्याकडे जेवून आली की दुसऱ्या दिवशीपर्यंत खूश असायची. मला वाटतं, तुमच्याकडे ती मासे खायची." आय म्हणाली, "खायची. लई आवरीनं." आणि रडणारी ती खोली थोडीशी हसली. मला तुमच्यासाठी बरं वाटलं.

भीती वाटत नाही असं नाही. गोळी एक दिवस थकणार हे तुम्हीच सांगितलेलं. तेव्हा वर येऊन खुर्चीत बसायला तुम्ही नसाल. पल्लवी आहे, हुशार आहे, पण तिने मला अजून एकदाही खोडून काढलेलं नाही. शिकेल.

तिचाच काल फोन आला. टिटवाळ्याची एक बाई आहे, माझ्याच वयाची, कधी धूम्रपान न केलेली. तिच्या गाठीत बदल सापडलाय, गोळी लिहून दिलीय. पण कॅन्सर म्हणजे संपलं असं धरून ती घरात बसलीय, हॉस्पिटलचे फोनही उचलत नाही. पल्लवी म्हणाली, "बाई, मी जाणार आहे. याल का माझ्याबरोबर? मला काय बोलायचं ते कळत नाहीये."

आज शाळेतून अर्धी रजा घेऊन आम्ही गेलो. नव्या इमारतीतलं घर, भिंतींना अजून रंगाचा वास. बाई दाराशी आल्या, साखळी न काढता. केस विंचरलेले नव्हते. पल्लवीने हॉस्पिटलचं नाव सांगितल्यावर दार लावायलाच निघाल्या.

माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर का?"

मी म्हटलं, "नाही. मला हाच आजार आहे. दोन वर्षं झाली. टिटवाळा स्टेशनवरून चालत आलेय."

त्यांनी माझ्याकडे पुष्कळ वेळ बघितलं, चेहऱ्याकडे, मग पायांकडे. मला धाप लागलीय का ते बघत असाव्यात. मग साखळी काढली आणि म्हणाल्या, "आत या. पंखा लावते."